हळदच तर आहे!

गेल्या उन्हाळ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिसऱ्या महिन्यात तिचं जेवण कमी झालं. सकाळी मळमळायचं, दुपारी पडून राहावंसं वाटायचं. "हवा मानवली नसेल गं," असं म्हणून तिने आठवडाभर ढकललं. मग एके दिवशी जरा संकोचत तिने सांगितलं, की लघवी चहासारखी गडद होते आहे. मी तशीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

रक्ताचा अहवाल आला. एएलटी नावाचं एक विकर यकृताच्या पेशींमध्ये असतं. पेशींना इजा झाली, की ते रक्तात सांडतं. साधारणपणे त्याचा आकडा ४०च्या आत असतो. आईचा ४१२ होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणती औषधं घेता?" आईने रक्तदाबाची गोळी सांगितली, कॅल्शियम सांगितलं. मीही मान डोलावली. संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा टाकताना मिक्सरच्या मागे ठेवलेली ती बाटली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. आईचे गुडघे दुखतात म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच दुकानातून आणून दिल्या होत्या. दिवसाला तीन.

"अगं, ते काय औषध आहे का? हळदच तर आहे!" आई म्हणाली. "आम्ही सांगलीची माणसं. हरिपूरची हळदीची पेवं बघत मोठी झाले मी. हळदीने कुणाला काही झालेलं ऐकलंयस कधी?"

माझं काम काय आहे, तर तोंडाने घेतलेल्या औषधाचं शरीरात, विशेषतः यकृतात, काय होतं याचा अभ्यास करणं. त्यातच पीएचडी केली, त्यावरच पगार मिळतो. तरीही त्या बाटलीचं लेबल मी नीट वाचलं ते आई आजारी पडल्यावर. म्हणून हा लेख. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती बाटली आहे, आणि भारतात जाताना अनेकांच्या बॅगेतही असते.

डब्यातली हळद, बाटलीतली हळद

आधी थोडा हिशेब करू. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या रसायनांना कर्क्युमिनॉइड म्हणतात. त्यांतलं मुख्य ते कर्क्युमिन. १८१५ साली ते पहिल्यांदा हळदीतून वेगळं काढलं गेलं आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना कळली. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिनॉइड असतात साधारण ३ टक्के. वाण आणि जमिनीप्रमाणे थोडं कमी-जास्त.

चार माणसांच्या भाजीत आपण अर्धा चमचा हळद घालतो. म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. एकाच्या वाट्याला आली जेमतेम ४०० मिलीग्रॅम, आणि त्यात कर्क्युमिनॉइड फक्त १२ मिलीग्रॅमच्या आसपास. वरण, भाजी, आमटी सगळं धरलं तरी दिवसाला पन्नासच्या पुढे सहसा जात नाही.

आता बाटली बघा. लेबलवर लिहिलं होतं, "५०० मिलीग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड." म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलीग्रॅम. तेवढं मिळवायला साधी हळद सुमारे १६ ग्रॅम लागेल, म्हणजे पाच चमचे. आई अशा तीन कॅप्सूल घेत होती. रोज पंधरा चमचे हळद! सांगलीत काय, जगात कुठेही कुणी एवढी हळद खात नाही.

कर्क्युमिन खाद्यरंग म्हणूनही वापरतात. त्यासाठी युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने ठरवलेली रोजची मर्यादा आहे, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलीग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८० मिलीग्रॅम. आईच्या पोटात त्याच्या जवळजवळ आठपट जात होतं.

पण केवळ प्रमाण जास्त आहे, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. कारण कर्क्युमिन कितीही खाल्लं तरी रक्तात फारसं पोचतच नाही. आणि ते पोचावं म्हणून बाटलीत जी युक्ती केलेली असते, तिथे खरी मेख आहे.

यकृताचा जकात नाका

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. माल तपासल्याशिवाय आत जायचा नाही. आपल्या आतड्याची भिंत आणि यकृत मिळून असाच एक नाका चालवतात. पोटात आलेला प्रत्येक परका रेणू तिथे तपासला जातो. बऱ्याच रेणूंना ग्लुक्युरॉनिक आम्लाचं एक शेपूट जोडलं जातं. त्यामुळे तो रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर काढता येतो. कर्क्युमिनच्या बाबतीत हा नाका फार कडक आहे. बरंचसं कर्क्युमिन आतड्यातून शोषलंच जात नाही. जे थोडं आत येतं, त्याला लगेच शेपूट लावून परत पाठवलं जातं.

१९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी एक छोटा पण पुढे फार गाजलेला प्रयोग केला. निरोगी माणसांना त्यांनी २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. मग तेवढंच कर्क्युमिन २० मिलीग्रॅम पिपेरिनबरोबर दिलं. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीला तिखटपणा देणारं रसायन. या वेळी रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट निघालं. आज बाजारातल्या कितीतरी हळदीच्या कॅप्सूलवर "काळ्या मिरीच्या अर्कासह" असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या प्रयोगात आहे. आईच्या बाटलीवरही ते होतं.

मिरी हे कसं करते? शेपूट जोडणाऱ्या विकरांना ती काही काळ अडवून धरते. म्हणजे नाक्यावरच्या शिपायाला गप्पांत गुंतवते आणि तेवढ्यात कर्क्युमिन आत सटकतं. पण शिपाई गप्पांत गुंतला, की फक्त कर्क्युमिनच आत येतं असं नाही. त्याच रस्त्याने जाणारी दुसरी औषधंही जास्त प्रमाणात आत येतात. फिट्सवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफायलिन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल या औषधांची रक्तातली पातळी पिपेरिनमुळे वाढते, असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. यांतल्या पहिल्या दोन औषधांत योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर फार थोडं असतं.

हाच गुण नीट मोजूनमापून वापरता येतो, याचं उदाहरण भारतातच आहे. जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संस्थेतल्या संशोधनातून क्षयरोगावरची एक गोळी तयार झाली. तिच्यात रिफाम्पिसिनबरोबर १० मिलीग्रॅम पिपेरिन असतं. पिपेरिनमुळे औषध जास्त शोषलं जातं, म्हणून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलीग्रॅमवरून २०० वर आणता आली. तिथे पिपेरिनला औषधाचा एक घटक मानून त्याच्या चाचण्या झाल्या, रुग्णांच्या रक्तातली पातळी मोजली गेली, मगच परवानगी मिळाली. हळदीच्या कॅप्सूलमध्ये तेच पिपेरिन येतं, पण "मसाला" म्हणून. त्यासोबत तुम्ही आणखी कोणती गोळी घेताय, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत तर १९९४च्या कायद्यानुसार अशा उत्पादनांना बाजारात येण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. ती सुरक्षित आहेत आणि गुणकारी आहेत, हे आधी सिद्ध करावं लागत नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. आपण वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

पण फायदा तर होतो ना?

हा प्रश्न रास्त आहे. हळदीवर हजारो शोधनिबंध आहेत. कर्करोगापासून विस्मरणापर्यंत कशावर कर्क्युमिन चालत नाही, असा प्रश्न पडावा इतके. पण त्यांतले बहुसंख्य प्रयोग परीक्षानळीत किंवा बशीत वाढवलेल्या पेशींवर झालेले आहेत, आणि तिथे कर्क्युमिन जरा फसवं वागतं.

प्रयोगशाळेत एखाद्या रेणूचा परिणाम मोजायला आपण बऱ्याचदा चमकणारे रंग वापरतो. चमक कमी-जास्त झाली, की रेणू लागू पडला असं धरतो. कर्क्युमिन स्वतःच चमकतं! शिवाय ते अनेक प्रथिनांना कसंही चिकटतं, धातूंना पकडतं, पेशींचं आवरण बिघडवतं. शरीराइतक्या तापमानाच्या, रक्ताइतक्या पीएचच्या नुसत्या द्रावणात ठेवलं, तर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के विघटित होतं. त्यामुळे चाचणीत "परिणाम दिसला" तरी तो कर्क्युमिनचा, त्याच्या तुकड्यांचा की चमकेचा, हे ओळखणं अवघड असतं. अशा रेणूंसाठी औषधरसायनशास्त्रात 'पेन्स' असं एक लघुनाम आहे, आणि नवं औषध शोधताना ते सहसा आधीच बाजूला काढले जातात. २०१७ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह या सगळ्याचा सविस्तर आढावा घेतला. तोवर माणसांवर १२०हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. त्यांत प्लासिबोशी तुलना करणारी आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कोणती गोळी कोणती हे ठाऊक नसणारी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर चित्र थोडं बदललं आहे, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गुडघ्याच्या ७० रुग्णांवर चाचणी झाली. बारा आठवडे हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं प्लासिबोपेक्षा १०० पैकी सुमारे ९ गुणांनी जास्त कमी झालं. पण एमआरआयमध्ये गुडघ्याची सूज किंवा कूर्चा यांत फरक दिसला नाही. २०२३ मध्ये थायलंडमधल्या एका चाचणीत अपचनाच्या तक्रारींवर कर्क्युमिन हे ओमेप्राझोलइतकंच उपयोगी ठरलं. तिच्यात नुसता प्लासिबो घेणारा गट मात्र नव्हता, त्यामुळे आपोआप बरं वाटण्याचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही.

थोडक्यात, गुडघेदुखीवर थोडा आराम मिळू शकतो, असं म्हणायला आधार आहे. मी आईला कॅप्सूल आणून दिल्या त्या अगदीच वेडेपणाने नाही. चूक झाली ती वेगळी. ज्या गोष्टीचा शरीरावर परिणाम होतो, तिचा दुष्परिणामही होऊ शकतो, हे मी हळदीच्या बाबतीत सोयीस्करपणे विसरले.

दहा रुग्ण

औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचा अभ्यास करणारं रुग्णालयांचं एक जाळं अमेरिकेत २००४ पासून काम करतं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दहाही रुग्ण २०११ नंतरचे होते आणि त्यांतले सहा २०१७ नंतरचे. दहांपैकी आठ स्त्रिया. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. सात उत्पादनं तपासायला मिळाली. सातही उत्पादनांत हळद होती, आणि तिघांत पिपेरिनही होतं. म्हणजे "भेसळ असेल" एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट सापडली. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. "हा आपला, हा परका" हे प्रतिकारयंत्रणेला त्यांच्यावरून कळतं. त्यांचे असंख्य प्रकार आहेत. या दहांपैकी सात जणांमध्ये 'एचएलए-बी*३५:०१' हा एकच प्रकार आढळला. ग्रीन टीच्या अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांतही हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला आहे. यावरून अंदाज असा, की यकृत नुसत्या मात्रेच्या विषारीपणाने बिघडत नसावं. काही ठरावीक लोकांची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटत असावी. म्हणूनच "माझ्या मावशीने वर्षभर घेतल्या, तिला काही झालं नाही" हे खरं असू शकतं आणि तरीही तुमच्यासाठी ते निरुपयोगी असू शकतं. तुमचा एचएलए मावशीसारखाच आहे, असं नाही.

इटलीत २०१९ च्या सुमारास असेच बरेच रुग्ण सापडले आणि तिथल्या सरकारला हळदीच्या पूरक उत्पादनांवर इशारा छापायला सांगावं लागलं.

हे फक्त परदेशातलं किंवा फक्त हळदीचंही नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले होते, ते आठवत असेल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण सापडले. पुढच्या वर्षी त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. नंतर देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वनस्पती नेमकी ओळखणं महत्त्वाचं आहेच. पण रुग्णाने काढा घेतल्याचं डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर हा वाद होण्याइतकीही माहिती हाती लागत नाही.

परंपरेची साक्ष कशाची?

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुन्या संस्कृत ग्रंथांचे आणि १९५३च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाचे दाखले देऊन ते पेटंट आव्हानित केलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आज्या जे करत होत्या, ते नवं नाही, हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला मान्य करावं लागलं. ही गोष्ट आठवली, की आजही अभिमान वाटतो.

पण ती साक्ष नीट ऐकली पाहिजे. आजी हळद लावायची ती खरचटलेल्या गुडघ्यावर. द्यायची ती कपभर दुधात, चिमूटभर, खोकला असेल तितके दिवस. फोडणीत घालायची ती तेवढीच. हजारो वर्षांचा अनुभव आहे तो या वापराचा, या मात्रेचा. द्रावक वापरून ९५ टक्के शुद्ध केलेलं, मिरीचा अर्क जोडलेलं, रोज तीनदा महिनोन्‌महिने घेतलेलं कर्क्युमिन आजीने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा इतिहास जेमतेम काही दशकांचा. त्या बाटलीवर आजीच्या नावाने भरवसा ठेवणं हा आजीवरही अन्यायच आहे.

मग काय करायचं?

स्वयंपाकातली हळद बिनदिक्कत खा. रात्री हळद-दूध पीत असाल तर प्या. वर सांगितलेल्या इजा अर्काच्या गोळ्या-कॅप्सूलशी जोडलेल्या आहेत, वरण-भाजीशी नाही.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर आधी लेबल वाचा. "९५ टक्के", "मिरीचा अर्क", "नॅनो", "लिपोसोमल" या सगळ्यांचा अर्थ एकच: हे रक्तात जास्त पोचावं म्हणून बनवलं आहे. म्हणजे ते औषधासारखं आहे, आणि औषधासारखंच वागवा. यकृताचा आजार असेल, पित्ताशयात खडे असतील, वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, किंवा अंगात लोह कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कॅप्सूल सुरू असताना थकवा, मळमळ, अंगाला खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ती त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासून घ्या.

आणि डॉक्टर "कोणती औषधं घेता?" असं विचारतील, तेव्हा काढे, चूर्णं, कॅप्सूल, सगळं सांगा. आपले आईवडील सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. म्हणून त्यांना "औषधं कोणती?" असं न विचारता "दिवसभरात तोंडात काय काय टाकता?" असं विचारा. मी ते केलं असतं तर एक दिवस वाचला असता.

आई

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन करून बाटलीचं सांगितलं आणि लेबलचा फोटो पाठवला. कॅप्सूल त्याच क्षणी बंद झाल्या. हळदीमुळेच झालं, असं थेट दाखवणारी चाचणी नसते. बाकी कारणं एकेक करून खोडावी लागतात. त्यामुळे हिपॅटायटिस ए, बी, सी, ई, स्वप्रतिकारक आजाराच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं झालं. काही सापडलं नाही. रक्तदाबाची गोळी ती आठ वर्षं घेतेय, ती डॉक्टरांनी चालू ठेवली. दोन आठवड्यांनी एएलटी १९० वर आला, सहा आठवड्यांनी ५८, आणि ती परत जायच्या आधी ३१. बंद केल्यावर उतरणं, हाच डॉक्टरांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा होता.

त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही. आकडा खाली येण्याऐवजी वर गेला असता तर, हा विचार मी कुणाशी बोलले नाही. आईशी तर नाहीच. पण तिला कळलं असावं. ३१ आकडा आला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तू आणून दिल्यास त्या माझे गुडघे दुखतात म्हणून. आता पुरे झालं मनाला लावून घेणं." मग उठून तिने वरणाला फोडणी दिली. हळद नेहमीएवढीच घातली.

गुडघ्यांसाठी आता ती फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करते आणि दुखलं तर मलम लावते. सांगलीला तिच्या भजनी मंडळात दोघीतिघी हळदीच्या कॅप्सूल घेतात, त्यांच्या मुलांनी परदेशातून पाठवलेल्या. आईने त्यांना लेबल वाचून दाखवायला सुरुवात केली आहे. परवा फोनवर म्हणाली, "तो मिरीचा शिपाई पुन्हा एकदा सांग गं नीट. मला तो त्यांना समजावता येत नाही."